दोष कोणी कोणाला सांगावा: जव्हार-मोखाड्यातील घर-जमिनीच्या व्यवहारांचा इतिहास

घर किंवा जमीन विकणाऱ्याने तिच्यातील दोष घेणाऱ्याला आपणहून सांगावेत काय, हा प्रश्न आज बहुधा शहरांतील सदनिकांच्या संदर्भात चर्चिला जातो, आणि त्या चर्चेत विकणारा जाणता व घेणारा अजाण असे गृहीत धरलेले असते. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांचा इतिहास पाहिला, तर हे गृहीतक तेथे टिकत नाही. कारण तेथील वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजांच्या हातून जमीन जेव्हा गेली, तेव्हा व्यवहाराचे खरे स्वरूप बहुतेक वेळा घेणाऱ्याला ठाऊक होते आणि देणाऱ्याला नव्हते. हे दोन तालुके आज एकमेकांना लागून एकाच जिल्ह्यात असले, तरी स्वातंत्र्यापूर्वी त्यांच्यावर दोन वेगळे अंमल होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान होते, त्याच्या राजाला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाची मान्यता मिळाल्याचे मानले जाते, आणि ते १९४८ मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. मोखाडा मात्र ब्रिटिश मुलखातील पेठा, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग होता, आणि तो पूर्वी कोळवण म्हणवल्या जाणाऱ्या शहापूर तालुक्याला जोडलेला होता. पालघर जिल्हा अस्तित्वात आला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

जव्हारच्या स्थापनेची जी आख्यायिका एकोणिसाव्या शतकातील ठाणे गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे, ती मुळातच एका जमीनव्यवहाराची कथा आहे. हा मुलूख पूर्वी एका वारली नायकाकडे होता. मुकणे घराण्याच्या मूळपुरुषाने त्याच्याकडे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जागा मागितली, नायकाने ती देऊ केली, आणि मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी जव्हारचा परिसर वेढून घेतला, असे ती सांगते. नायकाला पुढे गंभीरगडाच्या बाजूचा प्रदेश देण्यात आला. कातड्याच्या वाद्यांची हीच कथा भूमध्य समुद्राच्या काठी कार्थेज नगरीच्या राणी डायडोविषयीही सांगितली जाते, त्यामुळे तिला घडलेली घटना मानण्याचे कारण नाही. पण राज्याच्या आरंभाविषयी लोकांनी जपलेल्या कथेत मोजमापाची खरी युक्ती घेणारा जाणतो आणि देणारा जाणत नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये, कारण पुढील काळातील कागदोपत्री व्यवहारांची घडण याहून फार वेगळी नव्हती.

जुन्या हिंदू व्यवहारशास्त्रात दोष झाकून विक्री करण्याला मान्यता नव्हती. सदोष, वजनात कमी किंवा झाकून ठेवलेली वस्तू विकू नये, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. जमिनीविषयीचा विचार याहून खोल गेलेला दिसतो: चालुक्यांच्या कल्याणी येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेत, गाव, ज्ञाती, शेजारी आणि वारस यांची अनुमती, तसेच सोने व पाणी यांचे दान, अशा सहा गोष्टींनी भूमी एका हातातून दुसऱ्या हातात जाते असे वचन दिले आहे. त्यावरील त्याचा खुलासा फार मोलाचा आहे. गावाची अनुमती व्यवहार उघड व्हावा म्हणून आणि शेजाऱ्याची अनुमती सीमेचा वाद राहू नये म्हणून, असे तो सांगतो. याचा अर्थ असा की दोष सांगण्याची जबाबदारी एकट्या विक्रेत्याच्या सचोटीवर टाकलेली नव्हती, तर ज्यांना त्या जमिनीची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती आहे, त्यांच्यासमक्ष व्यवहार करण्याची रीत होती. मराठा काळातील मिरासपत्रांतही, म्हणजे वंशपरंपरागत जमीनहक्काच्या दस्तांतही, चतुःसीमा लिहून गावच्या मंडळींची साक्ष घातलेली असे, आणि पुढे भाऊबंदांपैकी कोणी हरकत घेतली तर तिचे निवारण देणाऱ्याने करावे, अशी हमी त्यात येत असे.

डोंगरी मुलखात या रीतीला आणखी एक आधार होता, तो म्हणजे घराच्या बांधणीचा. येथील पारंपरिक घर ऐनाच्या किंवा सागाच्या खांबांवर उभे असते, त्याच्या भिंती कारवीच्या काठ्यांचा कूड बांधून त्यावर शेणमातीचे लिंपण देऊन केलेल्या असतात, आणि छप्पर गवताचे, पेंढ्याचे अथवा कौलांचे असते. असा कूड आपली अवस्था लपवू शकत नाही. खांबाचे बूड जमिनीतील ओलीने कुजले असेल, तर ते खालच्या चार बोटांत काळे पडून नखाने उकरले जाते, वाळवी लागलेल्या कारवीवर मातीची नळी चढलेली दिसते, आणि पागोळ्यांच्या पाण्याने खचलेले जोते पहिल्या मोठ्या पावसातच उघडे पडते. शिवाय हे घर बाजारात विकण्याची वस्तू नव्हते. ते भावकीच्या आणि पाड्याच्या श्रमांतून उभे राही, जागेसाठी भगताचा कौल घेतला जाई, आणि कुटुंब दुसरीकडे गेले तर खांब-वासे उतरवून सोबत नेता येत. दोष झाकणे खऱ्या अर्थाने शक्य झाले ते विटा, सिमेंटचा गिलावा आणि रंग आल्यानंतर, कारण चुन्याचा एक हात फिरवला की भिंतीतील भेग पुढच्या पावसापर्यंत तरी दिसेनाशी होते.

एक दोष मात्र जुन्या घराला होता आणि नव्यालाही आहे, तो पाण्याचा. आषाढ-श्रावणात जव्हारच्या सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर पाऊस कोसळतो, परंतु खाली काळा कातळ असल्यामुळे बरेचसे पाणी उतारांवरून वाहून जाते, आणि चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात कोचाळ्याजवळ असूनही ही स्थिती बदललेली नाही. अशा ठिकाणी भाद्रपदात काठोकाठ भरलेली विहीर पाहून घर घेणाऱ्या परगावच्या माणसाने पुरेशी काळजी घेतली असे म्हणावे काय? विहीर त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि तरीही तिचा दोष त्याला त्या महिन्यात दिसणे अशक्य होते. गावातल्या लहान मुलालाही ती कोणत्या महिन्यात आटते हे माहीत असते. म्हणून ते न सांगणे हे दोष लपवणेच ठरते, असे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

इंग्रजी अमलात या प्रश्नाला कायद्याचे निश्चित रूप मिळाले. १८७२ च्या करार अधिनियमाने केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, मात्र जेथे बोलण्याचे कर्तव्य आहे तेथे मौनही कपट ठरते, असे तत्त्व घालून दिले. आणि मुंबई इलाख्यात १ जानेवारी १८९३ पासून लागू झालेल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ ने ते कर्तव्य कोणते, हे सांगितले. उलट करार नसेल तर, मालमत्तेतील अथवा आपल्या मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तो विक्रेत्याने उघड करावा, असे हे कलम म्हणते. त्याच कलमाचा दुसरा भाग मात्र क्वचितच उद्धृत होतो. विक्रेत्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती यांविषयीची जी गोष्ट खरेदीदाराला माहीत आहे, विक्रेत्याला माहीत नसावी असे मानण्यास त्याला कारण आहे, आणि जिच्यामुळे त्या हक्काचे मोल बरेच वाढते, ती खरेदीदाराने विक्रेत्याला सांगितली पाहिजे. आणि दोघांपैकी कोणीही आपापली गोष्ट सांगण्यात कसूर केली तर ती कपटाची समजली जाईल, असे त्यात लिहिलेले आहे. संस्थान असल्यामुळे जव्हारवर हा कायदा आपोआप चालत नव्हता, पण मोखाड्यात तो होता, आणि त्याचा दुसरा भाग तेथे खऱ्या अर्थाने अमलात आला असता, तर अनेक कुटुंबांची जमीन राहिली असती.

तसे झाले नाही, याचे कारण ज्ञान आता गावाच्या तोंडून कागदावर गेले होते आणि कागद वाचणारे गावाबाहेरचे होते. उत्तर कोकणात पूर्वी हुंडाबंदीची पद्धत होती, म्हणजे शेताची मोजणी न करता ठोक सारा ठरवला जाई. मोजणी आणि नोंद आल्यावर आपल्या शेताचा सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार काय आहेत, हे कसणाऱ्यापेक्षा सावकार अधिक अचूक जाणू लागला. पावसाळ्याच्या तोंडी पोटासाठी घेतलेली खावटी, म्हणजे धान्याची उचल, आणि लग्नासाठी काढलेले कर्ज यांच्या फेडीत अंगठा उठवून घेतलेले दस्त तयार होत, आणि आपण काय लिहून दिले हे देणाऱ्याला पुढे बेदखल होताना कळे. १९३५ च्या कायद्याखाली मोखाडा पेठा ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरला, म्हणजे तेथे प्रांतिक कायदे लागू करण्याबाबत गव्हर्नरला विशेष अधिकार मिळाले. आणि अशा क्षेत्रांची पाहणी करून डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने दिलेल्या अहवालात सावकारी आणि वेठ यांनी आदिवासींची केलेली कोंडी सरकारदरबारी नोंदली गेली.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी उपाय केला तो थेट हस्तांतरावर बंधन घालून. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ मध्ये घातलेल्या कलम ३६ अ नुसार आदिवासीची जमीन शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात झालेली हस्तांतरे उलटवून जमीन मूळ मालकाला परत देण्यासाठी वेगळा कायदा झाला, जो सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना अपेलवार यांच्या प्रकरणात वैध ठरवला. याच्या जोडीला कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवरील विक्रीची बंधने आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेले प्लॉट वारसाने जातात पण विकता येत नाहीत. परिणामी आजच्या जव्हार-मोखाड्यात घर-जमिनीचा सर्वांत गंभीर दोष भिंतीत नसून सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात आणि जुन्या फेरफारांत, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींत, असतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा दाखवून घर ‘नावावर’ असल्याचे सांगितले जाते, पण ती घरपट्टीसाठीची आकारणीची नोंद असून मालकीचा पुरावा नव्हे, ही गोष्ट व्यवहाराच्या वेळी बहुधा कोणी सांगत नाही. निर्बंध टाळण्यासाठी केवळ साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र, म्हणजे विक्रीचा करार आणि व्यवहाराचे अधिकारपत्र, करून ताबा घेतला जातो, तेव्हा दोष दोघांनाही माहीत असतो आणि तो सांगितला जात नाही तो तिसऱ्या घेणाऱ्याला.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा येथे फारसा उपयोग होत नाही, कारण तो विकासकावर बंधनकारक असून जुन्या घराच्या फेरविक्रीला लागू नाही, आणि लहान प्रकल्प त्यातून वगळलेले आहेत. अधिक उपयोगी आहे तो १९९६ चा पेसा कायदा, ज्याने अनुसूचित क्षेत्रातील जमीन बेकायदा हस्तांतरित होण्यापासून रोखण्याचा आणि गेलेली जमीन परत मिळवून देण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गावासमक्ष उघडपणे व्यवहार करण्याची जी रीत विज्ञानेश्वराने सांगितली, ती आता कायद्याने परत आलेली आहे, मात्र ग्रामसभेपुढे व्यवहार ठेवण्याची सवय अजून रुजलेली नाही.

विक्रेत्याने दोष सांगावा काय, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थीच द्यावे लागते. विहीर कधी आटते, खांब कधी बदलले, सातबारावर कोणता शेरा आहे, हे खरेदीखतातच लिहिले गेले पाहिजे, आणि ‘मिळकत आहे त्या स्थितीत पाहून घेतली’ या छापील वाक्याने ते कर्तव्य संपू नये. परंतु या दोन तालुक्यांत तेवढे पुरेसे नाही. दस्त लिहिणाऱ्याने आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हक्काचे खरे मोल व त्यावरील कायद्याचे संरक्षण त्याला समजेल अशा बोलीत, पाड्यातील माणसांसमक्ष वाचून सांगावे, आणि तसे सांगितल्याची नोंद अंगठा किंवा सही घेण्यापूर्वी दस्तात करावी. कलम ५५ ने हे कर्तव्य घेणाऱ्यावर ठेवून आता सव्वाशे वर्षे उलटून गेली आहेत.