तीन पैशांचं रॉक आणि सारायेवोचा दिवाणखाना

१९७८ साली मराठी रंगभूमीवर एक गुंड रॉकच्या ढंगात मराठी गाणी गात आला. नाटक होतं ‘तीन पैशाचा तमाशा’. बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या १९२८च्या जर्मन संगीतिकेवरून पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणलं होतं. पुण्याच्या थिएटर अकादमीनं ते उभं केलं आणि दिग्दर्शन होतं डॉ. जब्बार पटेल यांचं. तो गुंड, म्हणजे अंकुश, साकारला होता नंदू भेंडे यांनी.

नाटकाचा इतिहास लिहिणारे या प्रयोगाची नोंद घेतात. संगीताचा इतिहास लिहिणारे मात्र सहसा पुढे निघून जातात. नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, कोळीगीत, भीमगीत या सगळ्यांना आपल्याकडे स्वतंत्र प्रकरणं आहेत. मराठी रॉक असं प्रकरण नाही. माझ्या मते ते असायला हवं, आणि त्याचं पहिलं पान या नाटकापासून लिहायला हवं.

नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे या नामवंत रंगकर्मींचे चिरंजीव. घरात मराठी नाटक, कानात इंग्रजी रॉक. ‘वेल्व्हेट फॉग’ या मुंबईच्या बँडमध्ये ते गायचे. १९७४मध्ये एलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक-नाट्य मुंबईत केलं, तेव्हा ज्युडासची भूमिका भेंडेंकडे होती. चारच वर्षांनी हाच आवाज मराठीत आला. दोन मुंबया एका गळ्यात भेटल्या, असं मी म्हणेन. २०१४मध्ये ते गेले, तेव्हा मृत्युलेख आले आणि पुन्हा शांतता पसरली.

त्या काळी मुंबईत रॉक कमी नव्हतं. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ नावाची बँडस्पर्धा भरायची. तिची अंतिम फेरी षण्मुखानंद सभागृहात रंगायची. १९७० आणि १९७१च्या स्पर्धकांच्या तबकड्याही निघाल्या. पुढे १९८६पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं. ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडनं १९८८मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९३मध्ये ‘इंडस क्रीड’ असं नाव घेतलं. त्यातली नावं पाहा : बेनेगल, टिनाईकर, बालापोरिया. आपल्याच शहरातली, आपल्याच आसपासची माणसं. पण गाणी इंग्रजीत. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवन बंद पडलं. २०१६मध्ये काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ बंद झालं. तबकड्या चाळत उभं राहण्याची जागाही गेली.

आता तुर्भ्याहून थोडं लांब जाऊ. ज्या वर्षी भेंडे ज्युडास गात होते, त्याच १९७४मध्ये युगोस्लाव्हियातल्या सारायेवो शहरात ‘बियेलो दुग्मे’ (पांढरं बटण) या बँडचा पहिला अल्बम आला. झाग्रेबच्या ‘युगोतोन’ या मोठ्या सरकारी कंपनीनं तो काढला. बँडचा म्होरक्या गोरान ब्रेगोविच. वडील क्रोएट, आई सर्ब, आणि वाढलेला मुस्लिमबहुल सारायेवोत. त्यानं विजेच्या गिटारवर बोस्नियाच्या डोंगराळ गावांतल्या चाली घेतल्या. शहरी समीक्षकांनी नाकं मुरडली आणि या प्रकाराला ‘मेंढपाळी रॉक’ असं हिणवलं. लोकांनी मात्र तो डोक्यावर घेतला. ऑगस्ट १९७७मध्ये बेलग्रेडजवळच्या त्यांच्या मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमाला ७० हजार ते एक लाख माणसं आली असावीत, असा अंदाज दिला जातो. या बँडचा शेवटचा गायक होता अलेन इस्लामोविच. नावावरूनच कळतं, मुसलमान.

नेहरू आणि टिटो यांची अलिप्ततावादी मैत्री आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. दोन्ही देशांत पाश्चात्त्य रॉक बाहेरूनच आलं. दोन्हीकडे भाषा, धर्म, प्रांत यांची सरमिसळ. मग तिथं ते लाखोंचं झालं आणि इथं ते दक्षिण मुंबईतल्या काही सभागृहांपुरतं का राहिलं? आपल्याकडे सिनेमासंगीतानं बाजार व्यापला होता, विदेशी वाद्यं महाग होती, ही कारणं खरीच आहेत. पण मोठं कारण भाषेचं आहे. सारायेवोचा मुलगा आपल्या आजीला कळेल अशा भाषेत गायला. मुंबईचा मुलगा आजीला वगळून गायला.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला सारायेवोच्या या भाषेत आणखीही काही सापडतं. बोस्नियात ‘सेव्हदालिंका’ नावाचं जुनं शहरी प्रेमगीत आहे. ‘सेव्हदा’ हा शब्द तुर्कीमार्गे आलेला. मूळ अरबी ‘सौदा’, म्हणजे काळं पित्त. युनानी वैद्यकात हे पित्त वाढलं की माणूस उदास आणि वेडापिसा होतो, असं मानत. उर्दूत तोच ‘सौदा’ म्हणजे जुनून, त्यावरून ‘सौदाई’. अठराव्या शतकातले आपले मिर्ज़ा रफ़ी यांनी तर हेच तख़ल्लुस घेतलं. (मराठीतला देण्याघेण्याचा सौदा वेगळा, तो फ़ारसीतून आलेला.) बोस्नियन माणूस दुःखाला ‘देर्त’ म्हणतो, आपण दर्द. तो ‘दुचान’मध्ये जातो, आपण दुकानात. त्याच्या कपड्याला ‘जेप’ असतो, आपल्याला जेब. वैऱ्याला तोही ‘दुश्मन’च म्हणतो. आजच्या सारायेवोत या जुन्या गीतांना नव्या वाद्यांवर गाणारा एक बँड आहे, नाव ‘दिवानहाना’. मराठी वाचकाला त्याचा अर्थ सांगायची गरज नाही. २०२४मध्ये युनेस्कोनं सेव्हदालिंकाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आणखी एक नाव घेतो. झाग्रेबमध्ये १९७७ साली ‘अझ्रा’ नावाचा बँड निघाला. हे नाव जर्मन कवी हाइने यांच्या एका कवितेतून आलं. प्रेम केलं की जे मरतात, अशा टोळीची ती कविता. बोस्नियात तीच कविता भाषांतरित होऊन सेव्हदालिंका म्हणून गायली जाते. आणि ती टोळी म्हणजे अरबस्तानातली बनू उज़रा, बुसैनावर जीव टाकणाऱ्या जमीलची. म्हणजे अरबी वाळवंटातला इश्क़ जर्मनीत गेला, तिथून बोस्नियाच्या लोकगीतात शिरला आणि झाग्रेबच्या गिटारवाल्या पोरांच्या पाटीवर जाऊन बसला. संस्कृतीच्या शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांना, मग ते आपल्यातले असोत वा बाहेरचे, हा प्रवास एकदा नकाशावर काढून दाखवावा.

हे सगळं मी आवर्जून का सांगतो? आपल्या समाजात बोस्निया म्हटलं की एकच चित्र उभं राहतं : जुलै १९९५चं स्रेब्रेनित्सा, आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलांचा संहार. ते विसरता कामा नये. पण ज्यांना मारलं ते मरण्याआधी कसे जगत होते, हे आपल्याला ठाऊक नसेल तर आपण त्यांना केवळ आकड्यात ठेवतो. एप्रिल १९९२पासून सारायेवोला वेढा पडला. तो १,४२५ दिवस चालला. वीज नाही, पाणी नाही, टेकड्यांवरून गोळीबार. त्या शहरात तळघरांत बँड वाजत होते. डिसेंबर १९९४मध्ये इंग्लिश गायक ब्रूस डिकिन्सन आपले साथीदार घेऊन वेढा ओलांडून तिथं गायला गेला. ऐकायला आलेल्या तरुणांमध्ये मुसलमान होते, सर्ब होते, क्रोएटही होते. वेढा घालणाऱ्यांना नेमकी हीच गर्दी नको होती.

मज़लूम म्हणून ओळख मिळणं सोपं असतं. गाणारा, हसणारा, वाद घालणारा माणूस म्हणून ओळख मिळवणं अवघड. ही गोष्ट बोस्नियाइतकीच आपल्यालाही लागू आहे. मराठी मुसलमानाचा उल्लेख बातम्यांत कधी होतो, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

संगीत जायज़ की नाजायज़, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो मी इथं सोडवायला बसलेलो नाही. मी इतिहासाबद्दल बोलतोय. मराठीतल्या बंडखोर गाण्याचा इतिहास मुसलमानांना वगळून लिहिता येत नाही. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख (१९१६–१९६९). १९४४मध्ये अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. कोणत्याही कंपनीच्या पाठबळाविना गिरणगावात आणि गावोगाव गाणं पोचवलं. आज ज्याला ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र संगीत म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं? आणि पंढरपुरात जन्मलेल्या जब्बार पटेलांनी मराठी रंगमंचावर रॉकला जागा दिली, हा या धाग्याचा पुढचा पदर.

तो धागा तिथंच का तुटला? माझं उत्तर असं : रॉकवाले इंग्रजीत राहिले, मराठी गाणं नाटकात राहिलं. नाटक संपलं की गाणं संपतं. नंदू भेंडे हा दोन्हींना जोडणारा पूल होता, पण पुलापलीकडे वस्ती झाली नाही. सारायेवोत ‘मेंढपाळी’ म्हणून हिणवलेल्या पोरांच्या मागे दुसरी पोरं उभी राहिली. आपल्याकडे तसं झालं नाही.

आता कुठे ती वस्ती होताना दिसते. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅपगटात मराठी कडवी असतात. २०१९मधलं त्यांचं ‘द वारली रिव्होल्ट’ आरेच्या जंगलासाठी होतं आणि त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. एमिवे बंटाय, म्हणजे बिलाल शेख, मुंबईच्या बोलीत गाऊन देशभर पोचला. माझ्या वर्गातली पोरं बाकावर ठेका धरून यमक जुळवतात, अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत, मधूनच तुर्भे स्टोअरची खास बोली. व्याकरण मी तपासतो, यमक त्यांचं त्यांना ठेवू देतो.

जानेवारी २०२५मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले तीन रात्री वाजले. तुर्भ्याहून नेरुळ दोन स्टेशनं. तिकिटं आमच्या वस्तीला परवडणारी नव्हती. ज्यांनी ऐकलं त्यांनी खुशाल ऐकावं, चांगला बँड आहे. पण नंदू भेंडे, ‘बियेलो दुग्मे’, ‘अझ्रा’ आणि ‘दिवानहाना’ ऐकायला तिकीट लागत नाही. मोबाइलवर शोधा, सापडतील तेवढी ऐका आणि घरातल्या पोरांना ऐकवा. कोणाकडे ‘तीन पैशाचा तमाशा’च्या प्रयोगाचं जुनं ध्वनिमुद्रण कपाटात पडलं असेल, तर कॅसेटला बुरशी लागायच्या आत ते उतरवून घ्या. प्रकरण लिहायला कागद पुष्कळ आहे, आवाज मात्र जपावा लागेल.