चोचीने दिलेले उत्तर

पक्ष्याला काय दिसते आणि काय कळते, हे विचारायचे कसे? या अडचणीवर सापडलेला उपाय अगदी साधा आहे. चित्र दाखवायचे, आणि योग्य चित्रावर चोच मारली की दाणे द्यायचे.

या तंत्राचे मूळ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगपेटीत आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी कबुतरांना पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारायला शिकवले. त्या टोच्यांवरून बॉम्बला दिशा द्यायचा बेत होता. तो १९४४मध्ये बंद पडला, पण तंत्र टिकले.

हार्वर्डमध्ये रिचर्ड हर्नस्टाइन आणि डोनाल्ड लव्हलँड यांनी १९६४मध्ये त्याच तंत्राने फार मोठा प्रश्न विचारला. त्यांनी १,२००हून अधिक रंगीत पारदर्शिका जमवल्या. काहींत माणूस होता, काहींत नव्हता. माणूसही कधी एकटा, कधी घोळक्यात, कधी झाडाआड अर्धामुर्धा. माणूस असलेल्या चित्रावर चोच मारली तरच दाणे मिळत. कबुतरे हे शिकली, आणि पूर्वी कधीच न पाहिलेल्या चित्रांतही त्यांनी माणूस ओळखला. नुसत्या पाठांतराने हे जमत नाही. सगळ्या चित्रांत समान असे काहीतरी त्यांनी वेचून घेतले होते.

पुढे १९९५मध्ये जपानमध्ये शिगेरू वातानाबे आणि सहकाऱ्यांच्या कबुतरांनी मोने आणि पिकासो यांची चित्रे वेगळी केली. मोने शिकलेल्यांनी सेझान आणि रेन्वार यांची चित्रे त्याच गटात घातली. २०१५मध्ये अमेरिकेत कबुतरांना स्तनाच्या ऊतींची सूक्ष्मचित्रे दाखवली, तेव्हा कर्करोगाची आणि निरोगी चित्रे ती सुमारे ८५ टक्के वेळा अचूक ओळखू लागली. मॅमोग्राममधल्या गाठींचे मात्र त्यांनी पाठांतरच केले. नव्या गाठी त्यांना ओळखता आल्या नाहीत. क्षमता खरी, तशी तिची मर्यादाही खरी.

हे घडते जेमतेम दोन ग्रॅमच्या मेंदूत. जर्मन शरीरशास्त्रज्ञ लुडविग एडिंगर यांच्या काळापासून पक्ष्याचा पुढचा मेंदू म्हणजे उपजत वर्तनाचे यंत्र, अशी समजूत होती. मेंदूच्या भागांची नावेही त्याच समजुतीवर बेतलेली होती. २००४मध्ये तज्ज्ञांनी ती अधिकृतपणे बदलली. सस्तन प्राण्यांसारखे सहा थरांचे बाह्यक पक्ष्यांत नाही, पण त्यांच्या पुढच्या मेंदूतल्या निडोपॅलियम नावाच्या भागाचा मागचा-बाहेरचा हिस्सा आपल्या कपाळामागच्या मेंदूसारखे काम करतो. तिथे पाहिलेल्या गोष्टीची माहिती येते आणि बक्षिसाशी जोडलेले डोपामिनही पोहोचते. दाणे मिळवून देणाऱ्या खुणांना प्रतिसाद देणारे चेतापेशींचे दुवे बळकट होतात, बाकीचे मागे पडतात, आणि त्यातून गट आकार घेतो.

जगाची वर्गवारी करायला भाषा लागत नाही, आपल्यासारखा मेंदूही लागत नाही. पक्ष्यांची ही क्षमता आपल्याला उशिरा कळली, कारण त्यांना उत्तर देता येईल असा प्रश्न आपण फार उशिरा विचारला.