मंदीच्या काळातील घरगुती ब्रॉडबँड : गुरुग्रामचे चित्र

सप्टेंबर २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात दोन परस्परविरोधी घडामोडी घडल्या. ५ सप्टेंबर रोजी रिलायन्स जिओने घरगुती फायबर सेवा देशभरात व्यावसायिक तत्त्वावर सुरू केली. त्याच सुमारास, वाहनांची मागणी घटलेली असताना, मारुती सुझुकीने दिल्लीलगतच्या गुरुग्राम आणि मानेसर येथील कारखान्यांतील उत्पादन ७ आणि ९ सप्टेंबर रोजी बंद ठेवले. एप्रिल ते जून २०१९ या तिमाहीचा विकासदर तत्कालीन अंदाजानुसार ५ टक्क्यांपर्यंत खाली आला होता.

दर आणि ऐपत

या सेवेचा किमान मासिक दर ६९९ रुपये होता. १८ टक्के वस्तू आणि सेवा कर धरून तो सुमारे ८२५ रुपये होत असे. जोडणीसाठी आरंभी २,५०० रुपये भरावे लागत. त्यांपैकी १,५०० रुपये परत मिळणारी अनामत होती.

ब्रॉडबँडचा प्राथमिक दर दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांपेक्षा कमी असावा, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये ठरवले होते. हाच निकष घरखर्चाला लावला, तर ८२५ रुपयांच्या देयकासाठी महिन्याला ४१ हजार रुपयांहून अधिक मिळकत हवी. ऑगस्ट २०२० मध्ये किमान दर ३९९ रुपयांवर, म्हणजे करासह ४७१ रुपयांवर आला. तरीही दरमहा १२ हजार रुपये मिळवणाऱ्या कुटुंबासाठी हा खर्च जवळपास ४ टक्के ठरतो.

टाळेबंदीत वाढलेली मागणी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली. घरून काम करता यावे, यासाठी दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि तत्सम सेवांचे नियम शिथिल केले. अशा कार्यालयांचे मोठे केंद्र असलेल्या गुरुग्रामसाठी हा निर्णय महत्त्वाचा होता. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशातील तारजोडणीचे ब्रॉडबँड ग्राहक मार्च २०२० अखेर सुमारे १ कोटी ९० लाख होते. वर्षभरात ते सव्वादोन कोटींच्या पुढे गेले. अर्थव्यवस्था आकुंचन पावत असताना ही वाढ झाली, हे विशेष. नोकरी आणि मुलांची शाळा ज्या जोडणीवर अवलंबून होती, तिचा खर्च चैनीचा राहिला नव्हता.

वंचित कोण?

शहरातील भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या स्थलांतरित कामगारांची स्थिती मात्र वेगळी आहे. एकरकमी अनामत, पत्त्याचा पुरावा आणि वारंवार बदलणारे बिऱ्हाड यांमुळे त्यांना तारजोडणीपेक्षा मोबाइल डेटा सोयीचा पडतो. त्यात थोड्या रकमेचे रिचार्ज करता येते आणि हाती पैसा नसेल तेव्हा ते लांबवताही येते.

छोट्या दुकानांतून सार्वजनिक वाय-फाय उपलब्ध करून देणाऱ्या ‘पीएम-वाणी’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. मात्र घरातच अभ्यास करणाऱ्या मुलासाठी दुकानातील वाय-फाय हा घरच्या जोडणीला पर्याय ठरू शकत नाही. त्यामुळे केवळ मासिक दर कमी करून भागणार नाही; जोडणीचा आरंभीचा खर्चही कमी व्हायला हवा.