क्लॉक डोमेन क्रॉसिंग (इथरनेट जोडणीतील)

एफपीजीए या हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपमध्ये एका क्लॉकवर चालणाऱ्या भागातून दुसऱ्या स्वतंत्र क्लॉकवर चालणाऱ्या भागात डेटा सुरक्षित नेण्याची पद्धत. इथरनेट जोडणीत ती टाळता येत नाही.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ, खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत सापडते. येथे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. दुर्बिणीच्या अद्ययावतीकरणात 400 मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी ‘रोच’ हे एफपीजीए बोर्ड वापरले गेले. त्यांवर सिग्नलचे सेकंदाला 80 कोटी नमुने घेतले जातात आणि 10 गिगाबिट इथरनेटवरून जीपीयू बसवलेल्या संगणकांकडे धाडले जातात. नमुने घेणाऱ्या क्लॉकच्या चौथ्या हिश्श्याने, म्हणजे 200 मेगाहर्ट्झने, एफपीजीएमधले गणित चालते. इथरनेटचा भाग मात्र 64 बिटांच्या रुंदीवर 156.25 मेगाहर्ट्झने पळतो. दोघांचा ताल जुळत नाही.

साध्या गिगाबिट जोडणीत तर आपला आणि येणाऱ्या डेटाचा असे दोन्ही क्लॉक नावाला 125 मेगाहर्ट्झचेच असतात. तरी येणाऱ्या डेटाचा क्लॉक पलीकडच्या यंत्राचा असतो. दोन्हीकडे दहा लाखांत 100 इतकी तफावत चालते, त्यामुळे सेकंदाला 25,000 ठोक्यांपर्यंत फरक पडू शकतो.

क्लॉकच्या ठोक्यालाच बिट बदलला, तर तो बिट साठवणारा फ्लिपफ्लॉप क्षणभर 0 आणि 1 यांच्यामध्ये अडकू शकतो. एकट्या बिटासाठी लागोपाठ दोन फ्लिपफ्लॉप बहुधा पुरतात. अनेक बिटांच्या आकड्याला हा उपाय लावणे घातक : 7 वरून 8 होताना 0111 चे 1000 होते, चारही बिट बदलतात आणि पलीकडे भलताच आकडा वाचला जाऊ शकतो. म्हणून मध्ये दोन क्लॉकचा फिफो (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणारी रांग) ठेवून त्याचे पत्ते ग्रे कोडमध्ये पाठवतात. तिथे तेच पाऊल 0100 वरून 1100 असे, एकाच बिटाचे पडते.

फिफो झटके सोसतो, कायमचा जादा ओघ नव्हे. एका अँटेनाची दोन ध्रुवीकरणे 8 बिटांत पूर्ण पाठवायची, तर सेकंदाला 12.8 गिगाबिट होतात. 10 गिगाबिटच्या एका वाहिनीत ती मावणार नाहीत. बिट कमी करा किंवा वाहिन्या वाढवा.

क्लॉकची सीमा ओलांडताना राहिलेला दोष नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये सहसा दिसतच नाही. बोर्डावर तो कधीतरी डोके वर काढतो, आणि यूडीपीने पाठवलेले पॅकेट हरवले तर ते आपोआप पुन्हा येत नाही. त्यामुळे टायमिंगच्या फाइलमध्ये अशी प्रत्येक सीमा नोंदवून तिची स्वतंत्र तपासणी करायलाच हवी.