पेट्रोलचा काटा आणि गाडीची जमीन

बैलाच्या पोटात वैरण किती उरली आहे हे पाहण्यासाठी गाडीवानाला काटा लागत नाही. बैल भुकेला झाला की पाय ओढू लागतो, मान टाकतो, आणि धन्याला ते दोन कोस आधीच कळते. मोटरीचे तसे नाही. टाकीत शेवटचा पेला उरेपर्यंत ती त्याच ऐटीत धावते, आणि मग दोन आचके देऊन जी उभी राहते ती राहतेच. म्हणून मोटर जन्माला आली तेव्हापासूनच तिच्या पोटात डोकावायची काही तरी सोय माणसाला शोधावी लागली. त्या सोयीची हकीकत मोठी गमतीची आहे. ती सांगायला मी काही इंजिनियर नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटापाण्याला शाळा, आणि हौसेला कादंबऱ्या. पण आमच्या गोंदिया भागात मोटर दुरुस्तीच्या टपरीवर जुन्या टायरवर बसून जे ऐकले, पाहिले, ते पुस्तकांशी ताडून घेतले आहे.

पहिली सोय म्हणजे काठी. अमेरिकेत फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली आणि दीड कोटी खपली. तिची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. पेट्रोल पाहायचे तर मालकाने उठावे, मालकिणीला उठवावे, गादी उचलावी आणि झाकण काढून आत काठी बुडवावी. काठी जिथवर ओली, तिथवर पेट्रोल. या गाडीत पेट्रोल पंपाने येत नसे, उतारावरच्या पाण्यासारखे आपसूक इंजिनात येई. त्यामुळे टाकीत थोडे उरले असता खडा चढ लागला की ते पुढे पोहोचेना. मग हुशार मंडळी गाडी वळवून चढ उलटा, पाठमोरा चढत! आज हे वाचून हसू येते, पण ज्याला टाकी कुठे आणि इंजिन कुठे हे ठाऊक आहे त्यालाच ही युक्ती सुचणार.

काठीची ही परंपरा आपल्याकडे जीपने चालू ठेवली. दुसऱ्या महायुद्धातली ती विलीज जीप. स्वातंत्र्यानंतर दोनएक वर्षांत महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली. हिची टाकीही चालवणाऱ्याच्या बैठकीखाली. आमच्या झाडीपट्टीत, जिथे पावसाळ्यात वाट म्हणजे नुसता चिखल, तिथे जीपशिवाय गत्यंतर नव्हते. आणि बांबूचा मुलूख असल्यामुळे काठीही विकत आणावी लागत नसे. लहानपणी मी पाहिलेल्या एका जीपमध्ये बांबूची कामटी होती, तिच्यावर चाकूने खाचा पाडलेल्या. समोर काटा होता, पण त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. दिवाळी झाली, धान कापणीला आले, गावोगाव मंडई भरू लागली की नाटक मंडळींचे सामान घेऊन ही जीप रात्र रात्र फिरे. पेटी, तबला, पडदे, मुकुट, आणि बैठकीखाली ती कामटी.

काट्याची कल्पना मात्र जुनीच. फोर्डने १९२७ च्या अखेरीस ‘मॉडेल ए’ काढली, तिची टाकी चालवणाऱ्याच्या समोर, काचेखाली आली. टाकीत एक तरंगा सोडलेला आणि त्याला जोडलेला आकडा समोरच दिसे. ना तार, ना वीज. उलट जर्मनांनी आपल्या नामांकित फोक्सवॅगनला १९६१ पर्यंत काटाच दिला नाही. पायाशी एक खटका. इंजिन अडखळले की तो फिरवायचा आणि राखीव साठ्यावर पंप गाठायचा. आपल्याकडच्या स्कूटरवाल्यांना हे सांगायला नको. ‘रिझर्व्हला लागली’ हे शब्द ऐकले नाहीत असे घर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पण टाकी गाडीच्या पार मागे गेली आणि काटा पुढे राहिला, तेव्हा मात्र विजेला दूत नेमावे लागले. रचना सोपी आहे. टाकीत तरंगा, तरंग्याला दांडी, दांडीचे टोक तारेच्या वेटोळ्यावर घासत सरकते. पेट्रोल कमीजास्त झाले की तरंगा खालीवर होतो आणि विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त होतो. तो अडथळा पुढच्या काट्याला कळतो. इथवर सगळे ठीक. मौज पुढे आहे.

विजेला जायला एक तार आणि परतायला दुसरी तार लागते, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. मोटरीत जायची तार दिसते, परतायची बहुधा दिसतच नाही. कारण परतीची वाट म्हणजे गाडीचे अंगच. लोखंडी सांगाडा हाच सर्वांचा सामाईक रस्ता. दिवा, भोंगा, काटा, सगळ्यांची वीज याच सांगाड्यातून बॅटरीकडे परतते. तारेचा खर्च निम्मा वाचला, पण एक जोखीम आली. जिथे तार सांगाड्याला स्क्रूने आवळली आहे तिथे गंज चढला की परतीचा रस्ताच बुजला. इंग्रजीत या जोडाला ‘अर्थ’ म्हणजे जमीन म्हणतात, आणि आमचे मिस्त्रीही तोच शब्द वापरतात. ‘मागच्या दिव्याला अर्थ नाही’ हे वाक्य मी प्रथम ऐकले तेव्हा मराठीचा मास्तर म्हणून क्षणभर थबकलो होतो.

आपल्या रस्त्यांवर दोन घराणी गाजली. उत्तरपाड्याची अँबॅसडर १९५७ साली इंग्रजांच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून निघाली. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने इटलीची फियाट बांधली, तीच पुढे १९७० नंतरच्या दशकात पद्मिनी झाली. एकीचे वळण इंग्रजी, दुसरीचे इटालियन, आणि दोघींची जमीनही उलटसुलट! त्या काळच्या इंग्रजी वळणाप्रमाणे जुन्या अँबॅसडरमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. फियाटमध्ये ऋण टोक. एकीच्या सवयीने दुसरीची बॅटरी बसवली की नव्या रेडिओचा धूर निघालाच म्हणून समजा.

१९९३ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रात्री अकराच्या पुढे तिचे पोट दुखू लागले आणि सुईणीने हात टेकले. सालेकशाच्या अलीकडच्या आमच्या गावातून गोंदियाचा दवाखाना गाठायचा होता. गावात भाड्याची एक जुनी अँबॅसडर होती. ड्रायव्हरकाकांनी बॅटरी मारून काटा पाहिला. तो अर्ध्यावर. ताई आणि आई मागे, बाबा पुढे, आणि कंदील धरायला म्हणून मी. आमगावच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि चिटपाखरू नाही अशा जागी, गाडीने आचका दिला आणि ती थांबली. काटा अजून अर्ध्यावरच होता.

काकांनी बॉनेट उघडले. काटा अर्ध्यावर आहे म्हटल्यावर पेट्रोलचा संशय कोणाला येणार? प्लग पाहिले, तारा हलवल्या, पंपावर टिचक्या मारल्या. त्यात पाऊण तास गेला. आई मागे ताईचा घाम पुसत होती आणि मोठ्याने देवाचे नाव घेत होती. बाबांनी शेवटी टाकीजवळ कान लावून गाडी हलवायला सांगितली. आत खळखळ नव्हती. नशिबाने एक तांदळाची ट्रक आली. ती डिझेलची, तिचे इंधन आमच्या कामाचे नव्हते; पण तिच्या ड्रायव्हरने दोर बांधून आम्हाला आमगावपर्यंत ओढले. तिथे एकाला झोपेतून उठवून त्याच्या मोटरसायकलीतून नळीने दोन लिटर काढून घेतले. पहाटे साडेतीनला दवाखाना आला. भाची वाचली, ताईही वाचली. ‘अर्धा तास उशीर झाला असता तर’ एवढेच डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

चार दिवसांनी ती गाडी मिस्त्रींकडे गेली, तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसलो. मिस्त्री म्हातारे होते. त्यांनी हत्यार उचलले नाही. वैद्य नाडी पाहतो तसे काकांना विचारले, “ब्रेक मारला तर काटा हालत होता का?” काका म्हणाले, “हो, थोडा नाचत होता.” “आणि मागचा इंडिकेटर मिणमिण करत होता?” “तो तर महिनाभरापासून.” मिस्त्री माझ्याकडे वळले. “काटा बरोबर आहे, बाबू. जमीन खराब आहे.”

मग त्यांनी पोऱ्याला आधी बिडी विझवायला लावली, कारण टाकीजवळ ठिणगी उडवायची नसते. डिकीतला टाकीवरचा जोड उघडला. हिरवीवर काळी रेघ असलेली तार काट्याकडे जाते; ती धडधाकट होती. टाकी जिथे सांगाड्याला टेकली होती तिथे मात्र तांबूस भुकटी जमली होती. मागच्या दिव्याचा स्क्रूही तसाच. काचकागदाने दोन्ही जागा चकचकीत घासल्या, टाकीपासून सांगाड्यापर्यंत काळी तार वेगळी ओढली. काटा सरळ खाली येऊन पडला.

तो खोटे का बोलत होता हे समजून घेण्यासारखे आहे. त्या जुन्या घडणीच्या काट्यात अडथळा वाढला की काटा भरल्याकडे झुके. गंजाने अडथळा वाढवला, आणि रिकामी टाकी अर्धी भरलेली दिसू लागली. १९६० नंतरच्या दशकात इंग्रजी गाड्यांत दुसऱ्या घडणीचा काटा आला. त्यात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी विजेने तापून वाकते आणि काट्याला ढकलते. हा काटा सावकाश चढतो, खड्ड्यांत नाचत नाही. त्याचा स्वभाव उलटा: जमीन खराब झाली की तो भरलेली टाकी रिकामी दाखवतो. पहिला श्रीमंतीचे सोंग घेतो, दुसरा गरिबीचे. दुसरा परवडला, त्याच्यापायी कोणी रानात अडकत नाही. या दुसऱ्या जातीत वीज एकसारखी ठेवणारी एक डबी असते. पेट्रोल आणि उष्णता असे दोन्ही काटे एकदमच वर चढले तर दोष टाकीत शोधू नये, त्या डबीत शोधावा. एकच बिघडला तर त्याची त्याची तार पाहावी. मंद दिव्यांचेही असेच. जुन्या डायनामोच्या गाडीत इंजिन हळू चालले की दिवे मंदावत, तो दोष नव्हे; पण इंजिन जोरात असतानाही एकच दिवा मंद राहिला तर त्याची जमीन तपासावी.

काकांनी त्या दिवसापासून वही ठेवली. किती लिटर टाकले, किती किलोमीटर झाले, लिटरला नऊ धरून शिल्लक किती. काटा दुरुस्त होता तरी वही सुटली नाही.

२०१४ साली उत्तरपाड्याला अँबॅसडर बंद झाली. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सीचा शेवटचा दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. आताच्या गाडीत काट्याच्या जागी उजेडाच्या पट्ट्या असतात, आणि टाकीतल्या लाटांनी आकडा हलू नये म्हणून संगणक सरासरी काढतो. पण टाकीत अजूनही तरंगाच असतो, आणि त्याची दांडी अजूनही खालीवरच होते. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांच्या नव्या गाडीचा आकडा कधी भरलेला, कधी रिकामा दाखवू लागला. गोंदियाच्या एका पोराने यंत्र लावले, त्यावर कसला तरी क्रमांक आला, तो त्याने मोबाइलवर शोधला आणि बराच वेळ मान हलवली. मग त्याने मागची बैठक उचलली, खालची काळी तार सोडवली, आणि तिचे हिरवे पडलेले टोक काचकागदाने घासू लागला.