‘राजा’ : एका शब्दाचा अर्थ आणि इतिहास

मी अभियांत्रिकी शिकवतो. संज्ञेचा अर्थ निश्चित केल्याशिवाय उदाहरण सोडवायला घेऊ नये, हे आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगितले जाते. इतिहास वाचतानाही हे पथ्य पाळावे. ‘राजा’ हा शब्द दिसला की आपल्या डोळ्यांसमोर मुकुट, सिंहासन आणि वंशपरंपरा उभी राहते. प्रत्येक काळात या शब्दाचा अर्थ हाच होता का, हे या टिपणात पाहू.

१. व्युत्पत्ती : दोन उत्तरे

संस्कृत परंपरेत या शब्दाची दोन स्पष्टीकरणे आढळतात. पहिले स्पष्टीकरण ‘राज्’ या धातूवरून येते. यास्काने निरुक्तात हेच दिले आहे. धातुपाठात या धातूचा अर्थ ‘प्रकाशणे’ असा आहे, तर ऋग्वेदात तो ‘सत्ता चालवणे’ या अर्थानेही येतो. दुसरे स्पष्टीकरण ‘रञ्ज्’ म्हणजे रंगवणे, प्रसन्न करणे या धातूवरून येते : जो प्रजेचे रंजन करतो तो राजा. महाभारताच्या शांतिपर्वातील पृथूची कथा आणि कालिदासाचे ‘रघुवंश’ या दोन्हींत हा अर्थ आहे. पाली दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तातही तो आहे. तेथे भांडणांना कंटाळलेले लोक एकाला निवडतात आणि न्याय करण्याच्या मोबदल्यात त्याला भाताचा वाटा देतात.

तुलनात्मक भाषाशास्त्र पहिल्या उत्तराच्या बाजूने आहे. ‘राजन्’, लॅटिन ‘रेक्स’ आणि प्राचीन आयरिश ‘री’ हे शब्द एकाच कुळातले मानले जातात. ‘सरळ करणे, दिशा देणे’ हा त्यांचा मूळ अर्थ समजला जातो. संस्कृत ‘ऋजु’ म्हणजे सरळ हा शब्दही याच कुळात धरतात. आपल्या प्रयोगशाळेतला ‘रेग्युलेटर’ आणि भूमितीतला ‘रेक्टँगल’ हे लॅटिन शाखेचे वंशज आहेत.

मग ‘रंजन’ हा अर्थ चुकीचा म्हणून सोडून द्यायचा का? भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो टिकत नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो मोलाचा पुरावा आहे. राजा कसा असावा, याची समाजाची अपेक्षा त्यात नोंदवलेली आहे.

२. शब्द एक, अधिकार अनेक

वैदिक काळातील राजा हा प्रामुख्याने जनाचा, म्हणजे टोळीचा नायक होता. सभा आणि समिती या संस्थांचे उल्लेख त्याच्याबरोबरच येतात. ऐतरेय ब्राह्मणात दिशेनुसार सत्ताधीशांची नावे वेगळी दिली आहेत : पूर्वेकडे सम्राट, दक्षिणेकडे भोज, पश्चिमेकडे स्वराट, उत्तरेकडे विराट आणि मध्यदेशात राजा.

राजा म्हणजे एकच व्यक्ती, असेही नेहमी नव्हते. लिच्छवींच्या गणराज्यात अनेक कुलप्रमुख स्वतःला राजा म्हणवत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लिच्छवी, वृजी, मल्ल अशा संघांचे वर्णन ‘राजा’ या पदवीवर जगणारे असे केले आहे. म्हणजे हा शब्द राजेशाहीबाहेरही वापरात होता.

३. पदव्यांची महागाई

अफाट साम्राज्य असूनही अशोकाच्या शिलालेखांत त्याला साधे ‘राजा’ म्हटले आहे. पुढे कुषाणांनी ‘महाराज राजातिराज’ आणि गुप्तांनी ‘महाराजाधिराज’ या पदव्या घेतल्या. मोठी पदवी रूढ झाली की जुनीची किंमत उतरते. गुप्तकाळात ‘महाराज’ ही पदवी अनेक मांडलिक लावत. मात्र विदर्भातील वाकाटक स्वतंत्र असूनही बहुधा ‘महाराज’ एवढेच म्हणवत. केवळ पदवीवरून सत्तेचे माप काढता येत नाही, ते यामुळेच.

४. गिरनारची कसोटी

रंजनाचा दावा व्यवहारात कसा दिसतो, याचे एक उदाहरण जुनागडजवळ गिरनारच्या खडकावर आहे. इ. स. १५० च्या सुमाराचा हा लेख राजा महाक्षत्रप रुद्रदामनाचा आहे. वादळी पावसाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल होते. काम अवाढव्य म्हणून मंत्र्यांनी विरोध केला आणि लोक हवालदिल झाले. तेव्हा कर किंवा वेठबिगारी न लादता, स्वतःच्या खजिन्यातून बांध पूर्वीपेक्षा भक्कम बांधला, असे लेख सांगतो. सुविशाख या अमात्याने हे काम पार पाडले.

हा लेख राजाच्याच बाजूने लिहिलेला आहे, हे विसरू नये. तरीही त्यातून एक गोष्ट निश्चित कळते. कर आणि वेठबिगारी लोकांना जाचक वाटत होती, आणि ती टाळणे हे चांगल्या राजाचे लक्षण मानले जात होते.

५. समारोप

१९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. शब्द मात्र उरला. ‘राव’, ‘राय’, ‘राणी’, ‘राऊळ’, ‘राज्यसभा’ यांत तो आहे. ‘प्रजा’ या शब्दाचा मूळ अर्थ संतती असा आहे. राजाने पित्यासारखे असावे, ही कल्पना त्यात दडलेली आहे. ‘प्रजासत्ताक’ म्हणताना आपण ते नाते उलटे केले. आता सत्ता प्रजेची आहे, म्हणून रंजनाची जुनी कसोटी निवडून दिलेल्यांना लावण्याचा अधिकारही आपलाच आहे.

विचारासाठी प्रश्न : तुमच्या मातृभाषेत राजासाठी कोणते शब्द आहेत? त्यांचा मूळ अर्थ सत्ता सांगतो की कर्तव्य?