ई-मेलचें दप्तर आणि शोधाची कळ

पत्र लिहिणें सोपें, जपणें त्याहून कठीण. परंतु जपलेलें पत्र हव्या त्या वेळीं हातीं लागणें, हें सर्वांत कठीण होय. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील लक्षावधि मोडी कागद रुमालांत बांधलेले होते. तथापि १९३० ते १९३४ या काळांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखालीं निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हांच सामान्य अभ्यासकास त्या राशींत वाट सांपडूं लागली. पुढें कागदाची जागा पडद्यानें घेतली, तरी ही अडचण सरली नाहीं.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यांतून ई-मेल धाडण्याची सोय रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ मध्यें अमेरिकेंत केली. आरंभीं आलेलीं सर्व पत्रें ओळीनें उमटत. नको तें पाहिल्यावांचून हवें तें दिसत नसे. १९७२ मध्यें लॅरी रॉबर्ट्स यांनीं टेको नांवाच्या मजकूर-संपादकाच्या आज्ञा एकत्र गुंफून एक साधन रचलें. त्यांत पत्रांची यादी दिसे व हवें तेवढेंच पत्र निवडून वाचतां येई. म्हणजे या साधनाचा जन्मच मुळीं एका वाचकानें स्वतःच्या सोयीसाठीं जोडलेल्या आज्ञांतून झाला.

मुंबईंत १९८६-८७ च्या सुमारास जुहूचें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट जनतेस खुलें केलें. स्वस्त खात्यांत चित्रें नसत. केवळ अक्षरें दिसत, आणि पाइनसारख्या साधनांतून पत्रें वाचावीं लागत.

त्याच वर्षीं मायकेल एल्किन्स यांनीं 'मट' हें साधन निर्माण केलें. यांत प्रेषक, विषय, दिनांक, मजकूर अशा प्रत्येक अंगास एकेका अक्षराची खूण आहे, आणि त्या खुणा जोडून बारीक शोध घेतां येतो. असें सूत्र रोज लिहिणें कंटाळवाणें. म्हणून तें एकदांच मांडणीच्या फाइलींत लिहून एखाद्या कळीस बांधून ठेवतां येतें. उणीव एवढीच, कीं मजकुरांत शोधावयाचें तर एकेक पत्र चाळलें जाई व वेळ लागे. २००९ मध्यें कार्ल वर्थ यांच्या 'नॉटमच'नें आधींच शब्दसूची करून ठेवण्याची योजना आणली. ग्रंथाच्या शेवटीं सूची असावी, तशीच ही.

या सोयीचें मोल बोनकोडे गांवासारख्या ठिकाणीं विशेष ध्यानांत येतें. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली आणि पुढें कोपरखैरण्याची वसाहत या गांवाभोंवतीं उठली. नवी मुंबईसाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या कुटुंबांना मोबदला, साडेबारा टक्के योजनेचा भूखंड, गांवठाणांतील घर यांविषयींचा पत्रव्यवहार पिढ्यान्पिढ्या सांभाळावा लागतो. अशा घरांतील तरुणानें 'प्रेषक सिडको, विषय भूखंड, उत्तर न दिलेलें' एवढें सूत्र एका कळीस बांधलें, तर मुदत टळण्यापूर्वीं नेमकें पत्र पुढें येईल. जें पत्र वेळेवर सांपडत नाहीं, तें न आल्यासारखेंच. पूर्वीं रुमाल सोडावयास दप्तरदार लागे. आतां कोणता कागद कोणत्या खुणेनें वर यावा, हें ज्याचें पत्र त्यालाच ठरवितां येतें.